वरचा कप्पा

"अगं बया, ह्या वरच्या कप्प्याला झालंय तरी काय?" भामामावशी शिडीवरूनच ओरडली. "खालचे सगळे खडखडीत वाळले, आन् ह्ये बघा, अजून गालफडं फुगवून बसल्यात!"

तिनं दोन मणी खाली टाकले. मी ओच्यात झेलले, बोटांत दाबून बघितले. वरून रंग तपकिरीकडं झुकला होता, पण आत अजून पाणी होतं. आत अजून द्राक्षच होतं.

शेडचे मालक अण्णा खांबाला टेकून उभे होते. त्यांनी माझ्या आईकडं बघितलं. "तानूबाई, हे कसं काय झालं?"

आई खाली बसून झाडलेल्या बेदाण्यातल्या काड्या वेचत होती. तिनं मान वर केली नाही.

"हात चुकला असंल," ती म्हणाली.

बायांचे हात जागच्या जागी थांबले. तानूबाईचा हात चुकला, असं त्या माळावर कुणी कधी म्हटलं नव्हतं. आणि आज म्हणत होती ती तानूबाईच.

"चुकंल न्हाई तर काय हुईल!" भामामावशी खाली उतरत म्हणाली. "त्या दिवशी आमाला सगळ्यांना भाकरी खायला पिटाळलं, आन् शेवटची क्रेटं एकटीनं घातली. तोंडात ओवी न्हाई का काय न्हाई. मी म्हनलं, घसा बसला जनू."

"बसला हुता," आई म्हणाली आणि काडी वेचून बाजूला टाकली.

मला त्या क्षणी आईची दया आली नाही. राग आला. कारण त्या वरच्या कप्प्यावर माझं जाणं अडकलं होतं.

आमचं शेड तासगावच्या पुढच्या माळावर होतं. शेड म्हणायचं, पण त्याला भिंती नव्हत्या. लोखंडी खांब, वर पत्रा, कडेनं हिरवी जाळी, आणि आत एकावर एक असे तारेच्या जाळीचे कप्पे. बागेतून आलेली द्राक्षं त्या कप्प्यांवर पसरायची आणि वाऱ्याच्या हवाली करायची. पण नुसती पसरून भागत नाही. द्राक्षाच्या सालीवर पांढरी लव असते, कुणी राखेचं बोट फिरवून गेल्यासारखी. ती लव पाण्याला बाहेर सोडत नाही. म्हणून क्रेट आधी साध्या पाण्याच्या टाकीत धुवायचं आणि मग दुसऱ्या टाकीत बुडवायचं. त्या टाकीत पावडर आणि तेल कालवलेलं असायचं. त्यातून निघालं की लव जायची, साल ओल्या पानासारखी चकाकायची आणि आतल्या पाण्याला वाट फुटायची. मग पंधरवड्यात बेदाणा तयार. त्या टाकीत न बुडवलेलं द्राक्ष मात्र महिना उलटला तरी हट्टानं तसंच बसून राहतं.

ही दुसरी टाकी आईची. क्रेट किती वेळ बुडवून ठेवायचं ते बाकीच्या शेडांवर घड्याळ बघून ठरवायचे. आई ओवीवर ठरवायची. क्रेट बुडलं की ओवी धरायची, घोळवून घोळवून म्हणायची, आणि ओवी सरली की क्रेट वर. ऊन कडक असलं तर ओवी आखूड, ढगाळ असलं तर लांब. मी क्रेट उचलू लागायचे तेव्हा ती मुद्दाम म्हणायची,

"सकाळच्या पारी गं माळ सोन्यानं पिवळा,
माझ्या गं वैजूबाईचा हात कामाला कवळा."

आणि सगळ्या बाया माझ्या हाताकडं बघून हसायच्या.

मी वैजयंता, वैजू. वडील मला आठवतही नाहीत इतक्या लवकर गेले. घरात दोघीच. मार्गशीर्षात माझं लग्न झालं होतं, विट्याकडच्या जालिंदरशी. त्या भागातली पोरं गलाईच्या, म्हणजे सोनंचांदी भट्टीत वितळवून शुद्ध करायच्या धंद्यात देशभर पांगलेली असतात, तसा हा कोइमतूरला होता. लग्नानंतर आठवडाभर आम्ही एकत्र होतो, आणि मग तो भट्टीवर परत गेला. माझी बारावीची परीक्षा होती. मांडवातच आईनं सांगितलं होतं, "परीक्षा हुंद्या, शेडचा हंगाम हुंद्या. शेड उतरलं की घिऊन जावा." जालिंदरच्या माणसांनी माना डोलावल्या. शेड उतरलं, म्हणजे शेवटच्या कप्प्यावरचा शेवटचा बेदाणा खाली आला. आमच्याकडं हीच तारीख.

त्यामुळं त्या वर्षी मी कॅलेंडरकडं बघतच नव्हते. कप्प्यांकडं बघत होते. एकेक कप्पा खाली यायचा आणि मला वाटायचं, जालिंदर एकेक स्टेशन जवळ आला. दर बुधवारी गावातल्या दुकानात त्याचा फोन यायचा. दुकानदार ऐकत असायचा, त्यामुळं आम्ही काहीच बोलायचो नाही. "जेवलीस का?" "जेवले. तुम्ही?" एवढ्यावर मी आठवडा काढायचे.

हंगामाच्या मध्यावर एकदा आम्ही बाया निवडायला बसलो होतो. भामामावशी म्हणाली, "वैजू, एवढी सायन्स शिकलीस, तर सांग की. पाणी जातंय, मग त्याच्याबरबर साखर का जाईना?"

मला सांगायला आवडायचंच. मी म्हटलं, "सालीला बारीक बारीक वाटा असतात मावशी, डोळ्यांना न दिसणाऱ्या. पाण्याचा कण लहान, तो निसटतो. साखरेचा कण मोठा, तो अडतो."

"म्हंजे अण्णांच्या बागंचं फाटक म्हन की! शेरडं पार, आन् म्हस अडली."

बाया खिदळल्या. मी पुढं सांगत राहिले, की पाणी जिथं जास्त असतं तिथून जिथं कमी असतं तिकडं जातं. आत पाणी, बाहेर कोरडा वारा, म्हणून ते बाहेर पळतं. आणि बेदाणा पाण्यात टाकला तर सगळं उलटं. आत साखर दाट, म्हणून पाण्याला आतली ओढ लागते आणि ते परत आत शिरतं.

"ओढ म्हंजे? पान्याला बी ओढ असती?"

"असते की."

आईनं एक बेदाणा उन्हाकडं धरून बघितला. "आन् गोडी?" तिनं विचारलं. "ती कवाच भाईर येत न्हाई?"

"नाही. ती मोठी असते ना. साल तिला सोडत नाही."

"बरं हाय," आई म्हणाली. "तेवढं तरी आत ऱ्हातंय."

शेवटची द्राक्षं आली तो दिवस बुधवारच होता. सकाळी मी केस विंचरताना म्हटलं, "आई, आज ते न्यायची तारीख सांगणार." आई म्हणाली, "जा की मग लवकर. दुकान बंद करंल त्यो." मी गावाकडं जवळजवळ पळतच गेले. जालिंदर म्हणाला, पुढच्या पंधरवड्यात येतो, रेल्वेची तिकिटं काढतो. मी परत आले तेव्हा शेवटची क्रेटं वरच्या कप्प्यावर पसरून झाली होती, आणि आई टाकीच्या कडेवर ओले हात मांडीवर ठेवून बसली होती.

"ठरलं?" तिनं विचारलं.

"ठरलं."

"झ्याक झालं," ती म्हणाली आणि हात पदराला पुसले.

आणि आता जालिंदर येऊन ठेपला होता, खालचे सगळे कप्पे रिकामे झाले होते, आणि वरचा कप्पा गालफडं फुगवून बसला होता.

तो आला त्या दुपारी ऊन मी म्हणत होतं. नवी पँट, हातात मिठाईचा पुडा, बोटांची टोकं भट्टीच्या कामानं काळवंडलेली. बायांनी त्याला पाणी दिलं, चेष्टा केली. भामामावशी म्हणाली, "पाव्हणं, नुसती बायकू न्याया आलाय का बेदाना बी पायजे?" तो लाजला. मग आईसमोर जाऊन बसला.

"मामी, परवाची गाडी हाय. तिकिटं काढल्यात दोघांची."

आईनं वरच्या कप्प्याकडं हात केला. "शेड उतरलं न्हाई अजून, पाव्हणं."

"एक कप्पा तर ऱ्हायलाय. बाकीच्या बाया उतरवतील की."

"बोलनं तसंच झालंय. शेड उतरलं की."

जालिंदर चांगल्या स्वभावाचा. त्यानं आवाज चढवला नाही. पण मला बाजूला, बाभळीच्या सावलीत घेऊन म्हणाला, "वैजू, शेठनं चार दिवसांची सुट्टी दिलीय. ह्या गाडीनं न्हाई आलीस तर मला परत यायला दिवाळी उजाडंल. मामीला समजावून सांग की. एका कप्प्यासाठी कोन अडवतं का?"

दिवाळी. मला समोरचा सगळा माळ त्या शब्दाएवढा लांब दिसायला लागला. मी त्याच्या काळ्या बोटांकडं बघितलं आणि म्हटलं, "तुम्ही परवा सकाळी या. मी बघते."

मी तशीच अण्णांकडं गेले. टाकीच्या तळाशी थोडं पावडर-तेलाचं पाणी शिल्लक होतं. "अण्णा, वरच्या कप्प्यावर पंपानं परत एकदा मारू का? लवकर सुटेल."

"मार की," अण्णा म्हणाले. "नाहीतरी काळाच पडणार तो माल. मारून बघ."

मी पाठीवरचा पंप भरला आणि शिडी लावली. चढायला लागले तशी शिडी हलेनाशी झाली. खाली बघितलं तर आईनं ती दोन्ही हातांनी धरली होती.

वर पत्र्याखाली उष्मा दाटला होता. मी जाळीवर हात टेकून कप्प्याच्या पार पलीकडच्या कडेला सरकले. तिथं पत्र्याच्या आडोशाला एक घड जाळीत अडकून राहिला होता, वाऱ्याला न सापडलेला. तो अजून हिरवाच होता. मी त्याच्या एका मण्यावर अंगठा फिरवला.

अंगठ्याला पांढरं लागलं.

मी तो पुसला आणि दुसऱ्या मण्यावर फिरवला. परत पांढरं. तिसऱ्यावर तेच.

पावडर-तेल पातळ मिसळलं असतं, क्रेट लवकर काढलं असतं, तर लव कुठं गेली असती, कुठं राहिली असती. इथं ती सगळीकडं होती, सगळी शाबूत, वेलीवर असते तशी. हा घड दुसऱ्या टाकीत बुडालाच नव्हता. हा कप्पाच बुडाला नव्हता. साध्या पाण्यात धुवून, ओवी न म्हणता, कुणीतरी तो सरळ वर चढवला होता. भाकरी खायला सगळ्यांना पिटाळून. मी तारीख ऐकायला गेले तेव्हा.

पंपाचा पट्टा माझ्या खांद्यात रुतत होता. मी खाली वाकून बघितलं. आई शिडी धरून उभी होती. एरवी कुणी वर गेलं की सतत वर बघणारी, "तिकडं सरक, ती कड बघ" म्हणणारी माझी आई समोरच्या रिकाम्या कप्प्यांकडं बघत होती. शिडीवरची तिची बोटं पांढरी पडली होती. लग्नात ती रडली नव्हती. पाठवणीत रडली नव्हती. बायांनी नावं ठेवली होती तिला, काळीज दगडाचं म्हणून. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

हातातला पंप मी एकदा दाबला असता तर फवारा उडाला असता, लव विरली असती, आणि परवापर्यंत कप्पा वाळो न वाळो, मी मारलं होतं म्हणून माझं मन मोकळं झालं असतं.

मी पंप तसाच भरलेला घेऊन खाली उतरले.

"मारलंस?" आईनं विचारलं.

"नाही."

"का?"

"वाळतील की आपोआप. घाई काय आहे?"

आईनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. माझा अंगठा अजून थोडा पांढरा होता. मी तो लपवला नाही. तिनं तो बघितला की नाही ते मला आजही सांगता येणार नाही. तिनं फक्त माझ्या पाठीवरचा पंप उतरवून घेतला, आणि पट्ट्यानं जिथं रुतलं होतं तिथं तळहात ठेवला. थोडा वेळ तसाच ठेवला.

जालिंदर परवा आला तेव्हा मीच त्याला म्हटलं, "तुम्ही जा. मी शेड उतरल्यावर येईन."

"अगं, दिवाळी..."

"तर दिवाळी."

त्याचा चेहरा पडला. माझाही आतून पडलाच होता. एसटी धुरळा उडवत वळणाआड गेली आणि मी फाट्यावर उभं राहून पोटभर रडले. मग तोंड धुतलं आणि माळावर परत आले.

बाया दुसऱ्या कामांना गेल्या. त्या उतरत्या उन्हाळ्यात शेडवर आम्ही दोघीच राहिलो, आणि डोक्यावर तो कप्पा. कामही असं काही नव्हतं. आई माझ्या केसांना तेल लावायची, वेणी घालायची, मनाजोगती झाली नाही म्हणून सोडून परत घालायची. बोलायची काहीबाही. वडिलांना शेंगदाण्याची चटणी आवडायची हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. एकदा तिनं विचारलं, "कोइमतूर म्हंजे नेमकं कुठं गं?" मी काडीनं धुळीत सगळा मुलूख काढून दाखवला. तिनं एक बेदाणा शेडच्या जागी ठेवला आणि एक कोइमतूरच्या. मग मधल्या अंतरावर आपला हात आडवा ठेवून बघितला.

"ह्ये एवढंच हाय की," ती म्हणाली.

आम्ही बोलत बसलो तेवढ्यात एका मुंगळ्यानं कोइमतूर उचललं आणि चालायला लागला. आई इतकी हसली, इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ती पदर तोंडाला लावून बराच वेळ हसत राहिली. निदान मला तरी ते हसणंच वाटलं.

मग एका सकाळी मी उठले तर आई शिडीवर होती. कप्पा झाडत होती. तपकिरी बेदाणे खालच्या ताडपत्रीवर पडत होते, टपटप.

"आई, अगं अजून थोडे ओले आहेत! अजून दोनचार दिवस..."

"न्हाई. झालंय." ती झाडतच राहिली. "लई वाळवलं की दगड हुतोय त्याचा."

"पण ते तर दिवाळीला..."

"त्यांच्या गावचं एक जोडपं निगालंय कोइमतूरला. काल इचारून आलेय मी. त्यांच्या सोबतीनं जायाचं. फोन कर पाव्हण्यांना."

काल ती बाजारला म्हणून गेली होती आणि संध्याकाळी पाय सुजवून आली होती. बाजार विट्याच्या वाटेवर नव्हता.

जायच्या दिवशी मी गाठोडं बांधत होते, आणि आई टाक्या घासत होती. हंगाम सरला की टाक्या घासून पालथ्या घालायच्या असतात. टाकीत काही नव्हतं, बुडवायला क्रेट नव्हतं, तरी त्या रिकाम्या टाकीत वाकून तिनं ओवी धरली. पत्र्याच्या पोटातून तिचा आवाज घुमत आला.

"उन्हाच्या वाटंनं गं पाणी निघालं दूर देशी,
गोडी गं बाई माझी राहिली घडापाशी."

ओवी सरली तरी ती वर आली नाही. ढगाळ दिवसासारखी लांबवत राहिली. मी हाक मारली तेव्हाच बाहेर आली. तोंड ओलं होतं. टाकी घासताना पाणी उडतंच.

फाट्यावर तिनं माझ्या हातात पत्र्याचा डबा दिला. "वरच्या कप्प्याचा माल. काळा पडलाय. अण्णा म्हनले, काय करायचं त्ये करा. तुला ऱ्हाऊ दे." एसटी आली. मी पाया पडले. आई म्हणाली, "खिडकीला बस. डोकं भाईर काढू नगंस." एवढंच.

पुढच्या हंगामात अण्णांनी ती टाकी दुसऱ्या बाईच्या हाती दिली आणि आईला निवडायला बसवलं, हे मला भामामावशीकडून कळलं. आई त्याबद्दल कधी एक अक्षर बोलली नाही. मीही तिला कधी विचारलं नाही. आता विचारायला ती नाही.

कोइमतूरच्या खोलीत सगळंच परकं होतं. भाषा, भात, शेजारणीच्या दारातली रांगोळीसुद्धा. तिसऱ्या दिवशी मी डबा उघडला, मूठभर बेदाणे वाटीत घेतले आणि पाणी घालून ठेवले. सकाळी बघितलं तर ते तसेच, सुरकुतलेले. बाजारातला बेदाणा एका रात्रीत टम्म फुगतो. जालिंदर भट्टीवर निघता निघता वाटीत डोकावला.

"कसले गं ह्ये? भिजत बी न्हाईत."

"भिजतील," मी म्हटलं. "वेळ लागतो त्यांना."

बरोबरच होतं. ज्या सालीतून पाणी उशिरा बाहेर गेलं, तिच्यातून ते आतही उशिराच येणार. मी पाणी बदललं नाही, वाटी हलवली नाही. दुसऱ्या दिवशी ते थोडे मऊ झाले. त्याच्या पुढच्या सकाळी बघितलं तर एकेका मण्याची सुरकुती उलगडलेली, गाल फुगलेले. वाटीतलं पाणी पिवळसर झालं होतं.

मी आधी एक बेदाणा खाल्ला. मग उगाचच, ओतून द्यायच्या आधी, वाटी तोंडाला लावली.

पाणी गोड होतं.

गोडी मोठी असते, साल तिला सोडत नाही, ती कधीच बाहेर येत नाही, असं मी आईला भर शेडात, सगळ्या बायांसमोर शिकवलं होतं. वाटी दोन्ही हातांत धरून मी ते पाणी हळूहळू, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.